नौपाड्यातील वाचनालय आणि तेथील गूढविद्येचे कपाट

ठाण्यात गोखले रोडलगतच्या एका गल्लीत असलेल्या या खासगी वाचनालयाची वर्गणी परिसरातील इतर वाचनालयांपेक्षा जास्त आहे. मात्र गूढ अध्यात्मविचारांनी आधुनिक कादंबरीला काय दिले, याची उत्सुकता असणाऱ्याने आतल्या खोलीतील एका कपाटासाठी ती खुशाल भरावी.

या कपाटात गूढविद्येचे ग्रंथ आणि कादंबऱ्या वेगळ्या न ठेवता कालक्रमाने एकत्र लावल्या आहेत. त्यामुळे एडवर्ड बुल्वर-लिटन यांची १८४२ मधील ‘झानोनी’ ही कादंबरी थिऑसॉफी या गूढ अध्यात्मविचाराच्या चळवळीच्या एक संस्थापक मॅडम ब्लॅव्हॅट्स्की यांच्या ग्रंथांच्या आधी येते, आणि प्रभाव एकाच दिशेने वाहत नव्हता हे लगेच ध्यानात येते. साधकाला उंबरठ्यावर अडवणारी जी भयंकर शक्ती लिटन यांनी कादंबरीसाठी रचली, तीच पुढे थिऑसॉफीच्या लेखनात जवळजवळ सिद्धान्त म्हणून वावरू लागली. १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या आणि १८७९ मध्ये आपल्या मुंबईत आलेल्या या चळवळीने अदृश्य महात्म्यांची कल्पना लोकप्रिय केली. १८८८ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या संस्थेत तर आर्थर मेकन आणि अल्जरनॉन ब्लॅकवुड हे भयकथाकार स्वतःच सभासद होते. त्यांच्या कथांतील भीती भुताखेतांची नसून, अनधिकाराने अदृश्य जगावरचा पडदा सारणाऱ्याला वाटणारी आहे, हे त्या संस्थेविषयीच्या पुस्तकाशेजारी त्या वाचताना नीट उमगते. सॉल बेलो यांची १९७५ मधील ‘हम्बोल्ट्स गिफ्ट’ ही कादंबरी आणि तिचा नायक ज्यांच्या विचारांत गुंततो ते गूढवादी विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांचीही गाठ येथेच पडते.

मराठीच्या बाबतीत मात्र ही दृष्टी कमी पडली आहे. गुरू, साधना आणि अशुभ शक्तींशी सामना यांवर उभ्या असलेल्या नारायण धारपांच्या ‘समर्थ’कथा बाहेरच्या दालनात ‘भयकथा’ अशा चिठ्ठीखाली कोंबल्या आहेत, तर त्यांच्या हक्काची जागा टॅरो आणि ‘श्रीमंत व्हा’ छापाच्या पुस्तकांनी अडवली आहे. (खप त्यांचाच असणार, हे मान्य.) जुन्या इंग्रजी प्रतींची बांधणीही खिळखिळी झाली आहे.

एका वेळी एकच पुस्तक मिळते. जोडीने वाचावे म्हणून लावलेल्या कपाटाला हा नियम मारक आहे. निदान येथे तरी दोन पुस्तके द्यावीत.