नॉर्मलेक्स: फुकट, भरवशाचं, पण ठाण्याचे आकडे इथे शोधू नका

वागळे इस्टेट किंवा महाप्यातल्या युनियनने निवेदन लिहिण्याआधी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची (आयएलओ) ही साइट जरूर उघडावी; कामगार करार आणि त्यांवरचे शेरे इथे मिळतात. लॉगिन नाही, पैसे नाहीत. देश निवडा, मंजूर केलेल्या करारांच्या यादीत सी-१६० शोधा: श्रम आकडेवारीचा १९८५ चा करार, भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेला. त्यातली कलमं निवडून स्वीकारायची देशांना मुभा आहे, म्हणून करारासमोरची बारीक टीप आधी वाचा. नाहीतर जे बंधन सरकारवर नाहीच, त्यावरून भांडत बसाल.

मग देश करार कसे पाळतात हे तपासणाऱ्या आयएलओच्या तज्ज्ञ समितीचे शेरे. ‘ऑब्झर्वेशन’ वार्षिक अहवालात छापून येतं. ‘डायरेक्ट रिक्वेस्ट’ थेट सरकारला जाते, आणि तांत्रिक तपशील बहुधा तिच्यातच सापडतो. प्रत्येक शेऱ्याला दोन सालं असतात, एक मंजुरीचं, दुसरं आयएलओच्या परिषदेत प्रसिद्ध झाल्याचं. संदर्भ देताना इथेच गफलत होते.

मराठी नाही, हिंदीही नाही. शेऱ्यांमागे दंडाची ताकद नाही (हे साइटचं पाप नव्हे). करार कसा पाळला याचा जो अहवाल सरकार आयएलओला देतं, त्याची प्रत आयएलओच्या घटनेतल्या कलम २३ नुसार मालक-कामगारांच्या प्रातिनिधिक संघटनांना द्यावी लागते. आपल्या केंद्रीय संघटनेकडे मागा. आकड्यांसाठी आयएलओचं आकडेवारीचं संकेतस्थळ आयएलओस्टॅट वेगळं, आणि तेही मुख्यतः देशपातळीचं.