बीकॅशएफएस सामावणारी स्वतःची इन्स्टॉलेशन डिस्क : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बीकॅशएफएस ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली साठवण्याची पद्धत) केंट ओव्हरस्ट्रीट यांनी २०१५ मध्ये जाहीर केली, जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ६.७ या आवृत्तीत ती लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यात, दाखल झाली आणि नोव्हेंबर २०२५ अखेरच्या ६.१८ मध्ये ती पुन्हा बाहेर काढली गेली. तेव्हापासून तिचे मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) डीकेएमएस या साधनाच्या मार्गाने, म्हणजे प्रत्येक कर्नलसाठी वेगळे बांधून वापरावे लागते. बसवलेल्या यंत्रणेवर याचा फारसा जाच होत नाही, कारण कर्नल बदलला की मॉड्यूल आपोआप नव्याने बांधले जाते. खरी पंचाईत होते ती इन्स्टॉलेशन डिस्कवर. म्हणून आर्च लिनक्सचे आर्चआयएसओ हे साधन वापरून मॉड्यूल आधीच बांधलेली डिस्क मी तयार केली, आणि गेले काही महिने नवी यंत्रणा बसवण्यासाठी तसेच न उघडणारी डिस्क तपासण्यासाठी तीच वापरत आहे.

आर्चची तयार डिस्क सुरू करून त्यावरच मॉड्यूल का बांधू नये, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. तसे करता येते, पण दोन गोष्टी आड येतात. एक तर डिस्कवरचा कर्नल महिन्याच्या आरंभीचा असतो आणि पॅकेजांच्या भांडारातील हेडर फाइली (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) तोवर पुढच्या आवृत्तीच्या झालेल्या असतात, त्यामुळे चालू कर्नलसाठी मॉड्यूल बांधलेच जात नाही. दुसरे म्हणजे, अशा डिस्कवर लिहिण्यासाठी मेमरीत राखलेली जागा मूळ मांडणीत केवळ २५६ एमबी असते आणि कंपायलर (संहितेपासून प्रोग्रॅम बनवणारे साधन) व हेडर उतरवतानाच ती संपते. बूट करताना ती वाढवता येते, हे खरे. पण इंटरनेट नसलेल्या यंत्रासमोर त्याचाही उपयोग होत नाही.

अर्धवट पाठबळ असलेली डिस्क अधिक फसवी असते. बीकॅशएफएसच्या साधनांचे पॅकेज कर्नलवर अवलंबून नाही, त्यामुळे मॉड्यूल नसतानाही फॉरमॅट करण्याची आज्ञा विनातक्रार पूर्ण होते, आणि माउंट करताना, म्हणजे ती वापरासाठी जोडताना, मात्र अशी फाइल सिस्टीम ओळखीची नसल्याचा संदेश येतो. या रचनेची एक चांगली बाजूही आहे : कर्नलमधील मूळ संहिताच या साधनांमध्ये समाविष्ट केलेली असल्यामुळे फाइल सिस्टीमची तपासणी आणि दुरुस्ती मॉड्यूलवाचूनही करता येते.

डिस्क बांधण्याचे काम वाटते त्यापेक्षा सोपे निघाले. आर्चआयएसओमधील रिलेंग या नावाची तयार प्रोफाइल (डिस्कच्या मांडणीचा आराखडा) घ्यायची, तिच्या पॅकेजयादीत कर्नलच्या हेडर फाइली, डीकेएमएस मॉड्यूल आणि साधने यांची भर घालायची आणि बांधणी सुरू करायची. पॅकेज बसत असतानाच मॉड्यूलही बांधले जाते. डिस्कची स्वतःची मूळ फाइल सिस्टीम स्क्वॅशएफएस या वेगळ्या प्रकारची असल्यामुळे हे मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या आरंभी मेमरीत उतरणाऱ्या छोट्या फाइल सिस्टीममध्ये) घालण्याची गरज नसते. कंपायलर आत राहिल्याने आयएसओचा, म्हणजे डिस्कच्या प्रतिमा-फाइलीचा, आकार वाढतो, पण आजच्या पेनड्राइव्हच्या मानाने ती वाढ मनावर घेण्यासारखी नाही. निक्सओएस ही दुसरी लिनक्स यंत्रणा वापरणाऱ्यांना हेच काम कॉन्फिगरेशनच्या एका ओळीत करता येते, हेही येथे मान्य केले पाहिजे.

यंत्रणा बसवताना दोन ठिकाणी लक्ष द्यावे लागते. ग्रब हा बूटलोडर (यंत्र सुरू होताना कर्नल उतरवणारा प्रोग्रॅम) बीकॅशएफएस वाचू शकत नाही, त्यामुळे कर्नल आणि इनिटरॅमएफएस वेगळ्या पार्टिशनवर ठेवावे लागतात. मी ते ईएफआय (बूटसाठीच्या) पार्टिशनवरच ठेवून सिस्टमडी-बूट हा दुसरा बूटलोडर वापरतो. एन्क्रिप्शन निवडले असेल, तर परवलीचा शब्द अचूक देऊनही माउंट करताना आवश्यक चावी उपलब्ध नसल्याची तक्रार येऊ शकते. अशा वेळी चावी वापरकर्त्याच्या कीरिंगमध्ये (कर्नलमधील चाव्यांच्या साठ्यात) असते, परंतु चालू सत्राला ती दिसत नसते. कीसीटीएल या आज्ञेच्या साहाय्याने दोन्ही कीरिंग जोडल्या की काम पुढे सरकते. ही आज्ञा मी डिस्कवरील एका छोट्या स्क्रिप्टमध्येच घालून ठेवली आहे.

मात्र या डिस्कची खरी किंमत कळते ती बिघाडाच्या वेळी, आणि तेथे मॉड्यूल आहे एवढे पुरत नाही, ते पुरेसे नवे असावे लागते. बीकॅशएफएस डिस्कवर माहिती ज्या रचनेत मांडते तिला स्वतःचा आवृत्तिक्रमांक असतो. नव्या मॉड्यूलने माउंट केले की ही रचना, बदल जुन्याशी सुसंगत असतील तेवढ्यापुरती, आपोआप वरच्या आवृत्तीला नेली जाते. त्यानंतर जुन्या मॉड्यूलची डिस्क, उदाहरणार्थ ६.१२ कर्नलवरची, वापरली तर ते मॉड्यूल सुपरब्लॉकमधील (फाइल सिस्टीमची मूळ माहिती ठेवणाऱ्या भागातील) नोंदी पाहून रचना खालच्या आवृत्तीला उतरवते आणि त्यासाठी सांगितलेल्या तपासण्या करते. यंत्रणा पुन्हा सुरू झाली की चढण्याचा प्रवास परत करावा लागतो. मोठ्या डिस्कवर यात बराच वेळ जातो, आणि आधीच दुखावलेल्या फाइल सिस्टीमवर इतके लेखन व्हावे हे मला मुळीच पसंत नाही. विसंगत बदल वापरात असतील तर जुने मॉड्यूल सरळ नकार देते, आणि एका परीने ते बरेच म्हणायचे. म्हणून बिघाडाची शंका असेल तेव्हा मी प्रथम नोचेंजेस हा पर्याय देऊन माउंट करतो. त्यात जर्नलची (बदलांच्या नोंदवहीची) पुनरावृत्तीसुद्धा डिस्कवर काहीही न लिहिता होते. महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घेतल्यानंतरच दुरुस्तीला हात घालतो.

यावरून डिस्क नव्याने कधी बांधायची याचा निकषही ठरतो. दरमहा नवी आयएसओ बांधण्यात अर्थ नाही. शो-सुपर ही आज्ञा रचनेचा आवृत्तिक्रमांक दाखवते; बसवलेल्या यंत्रणेवरचा क्रमांक डिस्कवरील मॉड्यूलच्या पुढे गेला की त्याच दिवशी बांधणी करावी.

सिक्युअर बूटचा, म्हणजे सही असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या सोयीचा, प्रश्न अद्याप सुटलेला नाही. आर्चची डिस्क ती सोय चालू ठेवून सुरू होत नाही, आणि बाहेर बांधलेल्या मॉड्यूलवर सही केली तरी ती चावी प्रत्येक यंत्रात वेगळी नोंदवावी लागते, जे कोठेही चालावी अशी अपेक्षा असलेल्या डिस्कच्या बाबतीत व्यवहार्य नाही. मी ती सोय तात्पुरती बंद करतो आणि बसवलेल्या यंत्रणेवर स्वतःच्या चावीने सही झाल्यावर पुन्हा सुरू करतो.