खांबांची खाण की लाँगवॉल? प्रदर्शनासाठी मॉडेल निवडताना

कोळशाच्या जुन्या खाणी आणि वरची खचणारी जमीन, हा विषय विज्ञान प्रदर्शनासाठी घ्यावा असं मी पलूस-तासगावकडच्या शिक्षकांना नेहमी सुचवतो. मग प्रश्न येतो, छताला आधार म्हणून कोळशाचे खांब मागे ठेवून पोखरलेली खाण दाखवायची की लाँगवॉल, म्हणजे लांब सलग पट्ट्यातला सगळा कोळसा काढत जाऊन मागचं छत खचू देण्याची पद्धत? आमच्या मुलांकडून मी दोन्ही करून घेतली आहेत. आपल्या पायाखाली बेसॉल्ट, कोळशाचा मागमूस नाही. पण विहिरीचा मुरूम ढासळताना मुलांनी पाहिलेला असतो, त्यामुळे विषय लवकर पटतो.

खांबांचं मॉडेल देखणं होतं. काचेच्या पेटीत गुळाचे सारखे खडे मांडायचे, त्यावर पातळ पुठ्ठ्याचं छत, वर वाळू आणि रांगोळीचे थर. तळाशी थोडं पाणी सोडलं की गूळ झिजू लागतो. याची खरी गोष्टही मोठी आहे. पश्चिम बंगालमधल्या राणीगंजला १७७४ पासून कोळसा निघतोय. तिथल्या आणि झारखंडमधल्या झरियातल्या कित्येक उथळ पोकळ्यांचे नकाशेच नाहीत आणि वर माणसं राहतात. झरियात १९१६ पासून आग धुमसते आहे, ती आधाराचा कोळसाच खाते. दक्षिण आफ्रिकेत कोलब्रुकला २१ जानेवारी १९६० रोजी खांब फुटत गेले आणि ४३५ माणसं खाली गाडली गेली. एक खांब गेला की त्याचा भार शेजारच्यांवर येतो, ते आधीच दमलेले असतात, मग साखळीच लागते. त्या दुर्घटनेनंतर खांबाची ताकद त्याच्या रुंदी-उंचीवरून काढण्याचं सूत्र तिथे १९६७ मध्ये मांडलं गेलं. हे सगळं मुलांना कळायलाच हवं.

पण हे मॉडेल वेळेवर पडत नाही. माझा निर्णय याच एका गोष्टीवर ठरला. एका गुऱ्हाळाचा गूळ कडक, दुसऱ्याचा मऊ, एका खड्यात बारीक चीर, दुसऱ्यात नाही. परीक्षक समोर उभे असताना छत ढिम्म हलत नाही आणि ते पुढच्या टेबलावर गेले की सगळं खाली येतं. महिनाभर राबलेल्या पोरांचे चेहरे तेव्हा बघवत नाहीत. खऱ्या खाणीतही असंच घडतं. खाण बंद झाल्यावर खांब पन्नास-पन्नास वर्षं तग धरतात, लोक वर घरं बांधतात आणि एखाद्या दिवशी अंगणात खड्डा पडतो. म्हणजे मॉडेल खोटं नाही, पण ते दहा मिनिटांत दाखवता येत नाही.

लाँगवॉलला ही अडचण नाही. थरांखाली लाकडी पट्ट्या लावायच्या आणि एकेक ओढून काढायची. पट्टी निघाली की वरची वाळू तिथल्या तिथे बसते आणि माथ्यावर बशीसारखा खोलगट भाग तयार होतो. तो खालच्या पोकळीपेक्षा रुंद असतो, हे मुलांना सर्वात नवं वाटतं. मधोमध ठेवलेलं पुठ्ठ्याचं घर सरळ खाली जातं, कडेचं मात्र कलतं, कारण तिथे जमीन ताणली जाते. ब्रिटनमध्ये लाँगवॉल खाणींवरची जमीन कोळशाच्या थराच्या जाडीच्या सुमारे ९० टक्क्यांपर्यंत खचलेली आहे, पण बहुतेक खचणं खोदकामापाठोपाठ होत असल्यानं भिंतींना तडे साधारण कधी जातील याचा अंदाज बांधता यायचा.

वाळूला टणक छताचं वागणं जमत नाही, हे मान्य. आपल्याकडच्या खाणींत कोळशावरचा वालुकाश्म कधी कधी मागे लटकत राहतो आणि मग एकदम कोसळतो. ते या पेटीत दिसणार नाही. शिवाय भारतातला भूमिगत कोळसा मुख्यतः खांब पद्धतीनंच निघाला, त्यामुळे आपला इतिहास सांगायचा तर खांबांना टाळता येत नाही. दोन दिवसांचं प्रदर्शन असेल आणि पेटीजवळ सतत कोणी बसणार असेल, तर गुळाचं मॉडेल जरूर करा.

एकच टेबल आणि मोजकी मिनिटं मिळणार असतील तर मी पट्ट्याच घेईन आणि कोलब्रुकचा तक्ता मागे लावीन. पट्ट्यांना मेण चोळा, नाहीतर वाळूच्या भारानं अडकतात.