युक्रेनच्या संशोधकांसाठी फेलोशिप: बाहेर जायचं की घरीच राहून काम करायचं?

परवा पुण्याहून एका सरांचा मेसेज आला. त्यांच्या ओळखीचे एक युक्रेनियन समाजशास्त्रज्ञ आहेत, मूळचे खार्किवचे, वय ४४, युद्धामुळे आता पोल्तावाकडे राहतात, विषय सामाजिक एकोपा आणि विविधता. म्हणजे घर सोडून आलेले लोक आणि मूळचे गावकरी एकत्र कसे राहतात, भाड्याच्या घरांवरून, शाळेतल्या जागांवरून, कोण कुठली भाषा बोलतो यावरून कुठे ठिणगी पडते आणि कुठे पडत नाही, हे ते बघतात. त्यांना फेलोशिप हवीय, तर कुठली बरी, असं सरांनी विचारलं. मी जर्मनीत रिसर्च करते, माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण युक्रेनचीच, तिच्यासोबत बसून हे सगळे नियम मी इतक्या वेळा वाचलेत की म्हटलं सरांना एकट्याला लिहिण्यापेक्षा सगळ्यांसाठीच लिहावं, कारण अशा ओळखी आपल्या बऱ्याच प्राध्यापकांच्या असतात.

पैसा किती मिळतो हे लोक सगळ्यात आधी बघतात, पण माझ्या मते ते शेवटी बघायचं. आधी हे बघायचं की माणूस देशाबाहेर पडू शकतो का, आणि पडला तर त्याचा अभ्यास कुठे राहतो. युक्रेनमध्ये २४ फेब्रुवारी २०२२ पासून मार्शल लॉ आहे आणि काही अपवाद सोडले तर १८ ते ६० वयाच्या पुरुषांना सीमा ओलांडता येत नाही (ऑगस्ट २०२५ मध्ये १८ ते २२ वयाच्या मुलांना सूट मिळाली, बाकीच्यांना नाही). त्यामुळे बाहेर बोलावणाऱ्या फेलोशिपमध्ये बायकाच जास्त दिसतात, आणि ४४ वर्षांच्या माणसाला बर्लिनच्या फेलोशिपचं पान पाठवणं म्हणजे त्याला उगाच आशा दाखवणं आहे.

आता जे बाहेर पडू शकतात किंवा आधीच पडलेत त्यांच्यासाठी. दोन मोठे रस्ते आहेत. एक युरोपियन युनियनचा, एमएससीए फॉर युक्रेन, मारी क्युरीच्या नावाने चालणाऱ्या योजनांमधलाच. २०२२ मध्ये २.५ कोटी युरो घेऊन सुरू झाला. दुसरा जर्मनीचा, फिलिप श्वार्त्झ इनिशिएटिव्ह, हुम्बोल्ट फाउंडेशन आणि जर्मन परराष्ट्र खात्याने २०१५ मध्ये सुरू केलेला, तो फक्त युक्रेनसाठी नाही, जगात कुठेही धोक्यात असलेल्या संशोधकासाठी आहे. श्वार्त्झ हे स्वतः १९३३ मध्ये नाझींमुळे जर्मनी सोडावं लागलेले पॅथॉलॉजिस्ट, झुरिकला जाऊन त्यांनी हाकलून दिलेल्या इतर प्राध्यापकांना नोकऱ्या मिळवून देणारी संस्था काढली. त्यांचं नाव आज जर्मनीनेच या योजनेला दिलंय, हे मला दरवेळी वाचताना आत कुठेतरी लागतं.

दोन्हीत एक गोष्ट सारखी आणि ती नवख्याला माहीत नसते: अर्ज तुम्ही करत नाही, तुम्हाला ठेवून घेणारी संस्था करते. त्यामुळे फॉर्म शोधत बसू नका, आधी माणूस शोधा, म्हणजे तिथला एखादा प्रोफेसर जो म्हणेल हो, मी यजमान होतो.

फरक कुठे? पीएचडी अजून चालू असेल तर श्वार्त्झ विसरा, तिथे पीएचडी झालेली लागते. एमएससीए फॉर युक्रेनमध्ये पीएचडी करणारे आणि पोस्टडॉक दोघंही चालतात. मुदत एमएससीएची ६ ते २४ महिने, श्वार्त्झची साधारण २ वर्षं आणि पुढे वाढवून मिळू शकते. एमएससीएसाठी यजमान युनियनमधल्या कुठल्याही देशात किंवा होरायझन युरोप या युनियनच्या संशोधन कार्यक्रमाशी जोडलेल्या देशात असू शकतो, म्हणजे वॉर्सा, व्हिल्नियस, प्राग, जिथे युक्रेनियन लोक आधीच खूप आहेत आणि एकोप्याचा अभ्यास करायला तेच तुमचं फील्ड होऊ शकतं. (भारतातली युनिव्हर्सिटी यात यजमान होऊ शकत नाही, सरांनी हेही विचारलं होतं. शिफारसपत्र मात्र त्यांनी नक्की द्यावं.) श्वार्त्झमध्ये धोका सिद्ध करावा लागतो, देश सोडून किती काळ झाला याचीही मर्यादा असते, म्हणून २०२२ मध्येच बाहेर पडलेल्यांनी तो नियम सगळ्यात आधी वाचावा.

अजून एक फरक ज्याकडे कुणी बघत नाही: स्टायपेंड की नोकरीचा करार. जर्मनीत करार असेल तर पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स, बेकारी भत्ता हे सगळं पगारातून जमा होतं, स्टायपेंड असेल तर यातलं बरंच आपलं आपण बघायचं. दोन वर्षांनी फेलोशिप संपते तेव्हा घरात लहान मूल असेल तर हा फरक फार मोठा असतो. मैत्रिणीने पहिल्या वेळी हातात येणारा आकडा बघून स्टायपेंड घेतला, आणि नंतर महिने मोजत बसली, म्हणून आता ती प्रत्येकाला यजमान संस्थेला हाच प्रश्न आधी विचारायला सांगते. विचारायला लाजू नका, तिथले लोक सरळ उत्तर देतात.

यजमान कुठला? एकोपा आणि विविधता हाच विषय असेल तर जर्मनी खरंच श्रीमंत आहे. ग्योटिंगेनला धार्मिक आणि वांशिक विविधतेवरचं माक्स प्लांक इन्स्टिट्यूट आहे, स्टीव्हन व्हर्टोवेक यांनी २००७ मध्ये सुपर-डायव्हर्सिटी (एकाच ठिकाणी अनेक अंगांनी एकमेकांत गुंतलेली विविधता) ही कल्पना मांडली ते तिथले संस्थापक संचालक. भारतातल्या धर्म आणि राष्ट्रवादावर काम केलेले पीटर व्हॅन डर व्हीरही तिथेच संचालक होते, त्यामुळे आपल्याकडच्या समाजशास्त्राच्या मुलांना हे नाव माहीत असेल. शिवाय २०२० पासून सामाजिक एकोप्यावरच ११ संस्थांचं मिळून एक रिसर्च इन्स्टिट्यूट चालतं, ब्रेमेन, फ्रँकफर्ट, लाइपझिग ही त्याची मुख्य ठिकाणं. ज्याला सर्व्हे आणि आकडे करायचेत त्याने या दुसऱ्याकडे बघावं, ज्याला लोकांमध्ये बसून मुलाखती करायच्यात त्याने ग्योटिंगेनकडे.

ब्रिटनचं पटकन सांगते. ब्रिटिश अकॅडमी आणि धोक्यातल्या संशोधकांना मदत करणाऱ्या कॅराने मिळून २०२२ मध्ये युक्रेनियन लोकांसाठी २ वर्षांपर्यंतच्या फेलोशिप दिल्या, कॅरा ही १९३३ मध्येच विल्यम बेव्हरिज यांच्या पुढाकाराने सुरू झालेली संस्था. इंग्रजीत काम करणाऱ्याला छान. पण तो भरतीचा काळ संपला, आता कॅराकडे धोक्यातला संशोधक म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो.

आता सरांच्या मित्राचा खरा प्रश्न, घरी, म्हणजे युक्रेनमध्येच राहून काम करणाऱ्यांचा. आणि इथे मला थोडं जास्त बोलायचंय, कारण या विषयात घरी राहणारा माणूसच जास्त मोलाचा आहे. युक्रेनची शेवटची जनगणना २००१ ची. त्यात ७७.८ टक्के युक्रेनियन, १७.३ टक्के रशियन आणि बाकी शंभराहून जास्त समाज होते. त्यानंतर क्रिमिया रशियाकडे गेला, पूर्वेचं डोनबास पेटलं, मग २०२२ चं युद्ध, लाखो लोक देशातच एका गावातून दुसऱ्या गावात गेले. त्यांना तिथे पेरेसेलेन्त्सी म्हणतात आणि मैत्रीण सांगते की या शब्दाची किनार गावागणिक बदलते, कुठे माया असते, कुठे कंटाळा. २०२० पर्यंत देशात १,४६९ ह्रोमादा (स्थानिक स्वराज्याचे गट) झाल्या, आपल्याकडे बऱ्याच ग्रामपंचायती एकत्र करून एक केल्यासारखं, आणि आलेल्या माणसाला घर, शाळा, मदत कशी मिळते हे बरंचसं त्या पातळीवर ठरतं. हे व्हिएन्नात बसून कळत नाही. आणि बाहेर गेलेल्याला परत फील्डवर जाणं सोपं नाही, विमानं २०२२ पासून बंद, पोलंडमधून ट्रेनने जायचं, त्यात बऱ्याच युनिव्हर्सिट्या युद्ध चालू असलेल्या देशात ड्युटीवर जायला परवानगी आणि विमा देत नाहीत. मैत्रीण दोन वर्षांत एकदाच जाऊ शकली, तीही सुट्टी टाकून, त्यामुळे त्या मुलाखती प्रोजेक्टमध्ये वापरता आल्या नाहीत. हे ती अजून बोलते तेव्हा तिचा आवाज बदलतो.

घरी राहून चालणारे दोन पर्याय मला चांगले वाटतात. एक, व्हिएन्नाच्या आयडब्ल्यूएम या संशोधन संस्थेचं डॉक्युमेंटिंग युक्रेन, २०२२ च्या मार्चमध्येच सुरू झालं, त्यात संशोधकच नाही तर पत्रकार, कलाकारही येतात, अनुदान छोटं असतं, पण नोकरी सोडावी लागत नाही आणि मुलाखती, नोंदी, कागदपत्रं जमवायला ते पुरतं. दुसरं व्हर्च्युअल युक्रेन इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडी, बर्लिनच्या विसेनशाफ्ट्सकोलेग या संशोधन संस्थेच्या मदतीने उभं राहिलेलं, तिथे फेलो युक्रेनमध्ये राहून काम करू शकतात आणि ऑनलाइन चर्चासत्रं होतात. विस्थापितांवर वर्षानुवर्षं काम केलेल्या समाजशास्त्रज्ञ व्हिक्टोरिया सेरेदा त्याच्याशी जोडलेल्या आहेत, त्यामुळे हा विषय तिथे समजावून सांगावा लागणार नाही. ज्याला पुस्तक किंवा मोठा पेपर लिहायचाय त्याने हे घ्यावं, ज्याला आत्ता, गोष्टी विसरल्या जायच्या आधी, माणसांचं बोलणं जमवायचंय त्याने पहिलं.

घरी राहणाऱ्या पुरुषाने एक गोष्ट मात्र नीट तपासावी. पीएचडीसारखी पदवी असलेल्या प्राध्यापकाला सैन्यभरतीतून जी सवलत मिळते तिला मुख्य नोकरी किमान ०.७५ पदाची, म्हणजे पूर्ण पदाच्या पाऊण तरी, असावी लागते. म्हणजे फेलोशिपसाठी बिनपगारी रजा घेतली किंवा अर्ध्या पदावर आला तर सवलत जाऊ शकते. फेलोशिप देणाऱ्याला हे माहीत असेलच असं नाही, त्यामुळे आपल्या युनिव्हर्सिटीच्या एचआरला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नये. आणि अर्जाच्या बजेटमध्ये बॅटरी आणि इन्व्हर्टर लिहायला संकोच करू नये, लाइट जाते तिथे रेकॉर्डिंग आणि झूम दोन्ही थांबतात. मुलाखतींचा डेटा, विशेषतः रशियाच्या ताब्यातल्या भागातून आलेल्या लोकांचा, लॅपटॉपवर ठेवू नये, बाहेरच्या संस्थेकडे सुरक्षित सर्व्हर मागावा, नावं वेगळ्या फाइलमध्ये. त्या लोकांचे नातेवाईक अजून तिकडे आहेत.

तर सरांना मी असं लिहिलं: तुमच्या मित्राला आधी व्हिएन्नाच्या छोट्या अनुदानाला अर्ज करायला सांगा, नोकरी धरून ठेवायला सांगा, व्हर्च्युअल इन्स्टिट्यूटचा पुढचा कॉल, म्हणजे अर्ज मागवणं, उघडला की तिथे. आणि त्यांची एक पीएचडीची विद्यार्थिनी आहे असं तुम्ही म्हणालात, ती बाहेर पडू शकते, तिच्यासाठी एमएससीएचा कॉल चालू आहे का ते बघू, तोवर मी ग्योटिंगेनला दोन प्रोफेसरांना मेल टाकते. सरांचं रात्रीच उत्तर आलं, विद्यार्थिनीचा सीव्ही जोडलेला होता, तो आता मैत्रीण वाचतेय.