लाराबांगाची मातीची मशीद, गावातल्या गाइडबरोबर : पाचपैकी साडेचार तारे

उत्तर घानात मोले अभयारण्यात हत्ती बघायला निघालेले बहुतेक जण वाटेत लाराबांगाला दहा मिनिटं थांबतात, पांढऱ्या मशिदीसमोर फोटो काढतात आणि पुढे जातात. तसं करू नका. गावातलाच गाइड घ्या आणि दोन तास मोकळे ठेवा. मुसलमान नसलेल्यांना आत जाता येत नाही, पण या वास्तूचं खरं शिक्षण बाहेरच्या भिंतींवरच आहे.

मी मूळची परंड्याकडची, सिव्हिल इंजिनिअर, सध्या घानातल्याच तेमा शहरात एका बांधकाम साइटवर काम करते. दिवसभर सिमेंटशीच संबंध. म्हणून मला या भेटीतला भिंतींचा भाग सगळ्यात मोलाचा वाटला.

मशीद फोटोत वाटते त्यापेक्षा खूपच लहान आहे. साधारण आठ मीटर लांब, तेवढीच रुंद. निमुळते होत जाणारे दोन मनोरे, भिंतींना बाहेरून चिकटलेले बारा फुगीर खांब, आणि त्यांतून आडवी बाहेर आलेली लाकडं. ती लाकडं नक्षीसाठी आहेत असं वाटतं. गाइडने एकेक बोटाने दाखवत सांगितलं की ती आतून मातीला बांधून धरतात आणि लिंपणाच्या वेळी त्यांवरच पाय ठेवून वर चढता येतं. म्हणजे परांची इमारतीतच बांधून ठेवलेली! गावाच्या परंपरेनुसार मशीद 1421 सालची. शेजारच्या गोरखचिंचेखाली संस्थापकाची कबर आहे असं गावकरी मानतात. गाइडने ती कथा श्रद्धेने सांगितली, आणि मलाही ती तशीच ऐकावीशी वाटली.

मग तो सिमेंटकडे वळला. 1970च्या दशकात मशिदीला वाळू-सिमेंटचा गिलावा केला गेला. हेतू चांगलाच होता, दरवर्षीच्या लिंपणाची मेहनत वाचावी हा. पण मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. वर सिमेंटचं कवच बसलं की तडे जातात, तड्यांतून पावसाचं पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. आतलं लाकूड कुजतं, वाळवी लागते. बाहेरून सगळं ठणठणीत दिसतं आणि आत भिंत पोकळ होत जाते. 2002 मध्ये वादळात मनोऱ्याचा वरचा भाग कोसळला. त्याच वर्षी जुन्या वास्तू जपणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत मशिदीचं नाव होतं. नंतर सिमेंट उतरवून पुन्हा मातीचा गिलावा केला गेला. मातीवरचं सिमेंट काढणं किती नाजूक काम आहे हे मला ठाऊक आहे. छिन्नी जराशी जास्त बसली की सिमेंटच्या पापुद्र्याबरोबर भिंतच सुटून हातात येते. ज्यांनी हे केलं त्यांना माझा मनापासून नमस्कार.

आमच्याकडे माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छपरावर, मृगाआधी पांढऱ्या मातीचा थर द्यायची पद्धत होती. वर चढणारी माणसं शहरात गेली आणि माळवदं दोन-तीन पावसाळ्यांत बसली. इथेही प्रश्न तोच. माती भरपूर आहे, लिंपणारे हात टिकायला हवेत. मालीतल्या जेनेला अजून अख्खं गाव या कामाला उतरतं. तिथली आजची मोठी मशीद 1907ची. बाया पाणी आणतात, पोरं भाताचं तूस घालून मुरवलेला चिखल टोपल्यांतून पळवतात, आणि गवंड्यांची बारे तोन ही संघटना सगळ्यावर देखरेख ठेवते. सध्याच्या अशांततेत तिथे जा असं मी कुणाला सांगणार नाही. लाराबांगाला मात्र आम्ही बिनघोर जाऊन आलो. डांबरी रस्ता आहे, उत्तर घानातल्या तामाले शहराहून गाडीने अडीच-तीन तास.

अर्धा तारा कापला तो थांब्यावरच्या गोंधळासाठी. गाडीतून उतरताच चार-पाच पोरांनी घेरलं, प्रत्येक जण आपणच अधिकृत म्हणणारा, प्रत्येकाचा दर वेगळा. शेवटी भेटलेला गाइड उत्तम होता, पण तो भेटेपर्यंत बरोबरच्या सासूबाई वैतागल्या होत्या. दर लिहिलेला एक फलक लागला आणि त्यातले किती पैसे लिंपणाला जातात हेही त्यावर आलं, तर मी आनंदाने दुप्पट देईन. दुसरं म्हणजे, गाइड आपणहून भिंतींबद्दल फार बोलत नाहीत. पर्यटकांना दंतकथा हव्या असतात असं त्यांना वाटतं. तुम्हीच विचारा : माती कुठून आणता, शेवटचं लिंपण कधी झालं, कुणी केलं. आमच्या गाइडचा चेहरा तेव्हा खुलला. त्याने लगेच एका वयस्कर गवंड्याला हाक मारली, आणि पुढचा अर्धा तास ते काका गावच्या कामारा भाषेत बोलत होते आणि हा इंग्रजीत सांगत होता.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर पाऊस नसतो, पण हरमाटन वाऱ्याची धूळ असते, नाकाला रुमाल ठेवा. शुक्रवारी दुपारी नमाजाला गर्दी असते, ती वेळ टाळा. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. फोटो विचारून काढा. देणगीच्या वहीत रक्कम लिहिताना पुढे ‘गिलाव्यासाठी’ असं लिहा. आम्ही लिहिलं तेव्हा काकांनी ते वाचून घेतलं आणि त्याखाली तारीख घालायला लावली.