क्लिपचा ग्रो लाइट, सात महिन्यांनी: वीज गेली की टायमर सगळं विसरतो

घरातल्या रोपांना उजेड देणारा हा दिवा जानेवारीत घेतला तेव्हा मी याला चार तारे दिले होते. आज दोन करते आहे. कारण एकच, त्यातला टायमर. दिवा चांगला आहे, म्हणून तर राग जास्त येतो.

आमचा फ्लॅट इंदिरानगरला. खिडकी पूर्वेची, पण समोरच्या इमारतीने ऊन अडवलंय. तिथे बेसिलची रोपं दरवेळी काचेकडे मान करून लांबायची, देठ अगदी दोऱ्यासारखे. दिवा आला आणि ते थांबलं. बी उगवलं त्याच दिवशी ट्रेवरचं प्लॅस्टिक काढायचं, दिवा शेंड्यांपासून चार-पाच इंचांवर ठेवायचा आणि रोपं वाढतील तसा वर घ्यायचा. एकदा फूटभर वर ठेवून पाहिला, तर रोपं पुन्हा लांबली. अंतर वाढलं की उजेड फार झपाट्याने कमी होतो. मार्चपर्यंत बेसिल बुटकं, जाड देठाचं झालं. शेंडे खुडले, फुटवे आले. मी खूश होते.

जुलैत तीन दिवस निफाडला आईकडे गेले. टायमर बारा तासांवर, पाण्याला शेजारच्या काकू. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन, "अगं, तुझी रोपं काय भराभर उंच झालीत!" पोटात गोळाच आला. घरी येऊन पाहते तर दिवा बंद. पहिल्याच संध्याकाळी पावसात दहा मिनिटं वीज गेली होती. वीज आली, दिवा लागलाच नाही. बटण पुन्हा दाबल्याशिवाय तो लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. कोथिंबीर तीन इंच, बुडाशी पांढरट, एकमेकींवर आडवी पडलेली. बेसिलची कोवळी रोपं बीजपत्रांपर्यंत (उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांपर्यंत) कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, पुरून वाचवली, त्यांच्या देठाला मुळं फुटतात. कोथिंबिरीचं सोटमूळ हलवलेलं सोसत नाही. ती टाकून दिली.

विक्रेत्याचं उत्तर: "हा दोष नाही, रचनाच तशी आहे." परत घ्यायची मुदत कधीच संपलेली. मग 350 रुपयांचा सॉकेटचा टायमर आणला. तोही वाया, कारण वीज मिळाली तरी या दिव्याला बटण लागतंच.

शेवटी 250 रुपयांची साधी पांढरी 20 वॅटची एलईडी पट्टी त्याच टायमरवर लावली. ग्रो लाइटच्या जांभळ्या उजेडाशिवाय रोपं होत नाहीत, हा माझा समज चुकीचा निघाला. पट्टीखाली चौदा तासांत कोथिंबीर तितकीच ठेंगणी राहते. महिन्याला साडेआठ युनिटही जळत नाहीत. वीज जाऊन आली की पट्टी आपोआप लागते. टायमरचं घड्याळ तेवढं मागे पडतं, ते मी रविवारी पुढे करते.

क्लिपचाच दिवा घ्यायचा असेल तर आल्या दिवशी टायमर लावा, चालू असताना प्लग काढून परत लावा. दिवा आपणहून लागला नाही, तर मुदत आहे तोवर परत करा.