लक्ष्मीपुरीतील अंड्यांचे दुकान: वर्षभराच्या खरेदीनंतर

गेल्या पावसाळ्यात माझ्या सासऱ्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, पण त्यांचे जेवण अर्ध्या भाकरीवर आले आणि मांड्या बघता बघता वाळल्या. तरुणपणी तालमीत घाम गाळलेल्या माणसाला भिंत धरून चालताना पाहणे घरात कोणालाच सोसवत नव्हते. थोडक्या खाण्यातून पुरेशी प्रथिने पोटात जायला हवीत, असे डॉक्टरांनी सांगितले आणि तेव्हापासून कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतील एका लहानशा दुकानातून आमच्या घरी अंडी येतात.

या दुकानाची शिफारस मी करते ती मुख्यतः तिथे अंडे पारखून देतात म्हणून. खोक्याला पाडलेल्या भोकामागे दिवा लावलेला असतो आणि दुकानदार प्रत्येक अंडे त्या उजेडासमोर फिरवून पाहतात. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून आतले पाणी हळूहळू उडून जाते, त्यामुळे अंडे जसे जुने होते तशी त्याच्या बोथट टोकाची हवेची पोकळी मोठी होत जाते. ही पोकळी मोठी दिसली किंवा कवचाला केसाएवढी चीर आढळली, की ते अंडे बाजूला जाते.

याआधी दुसऱ्या एका विक्रेत्याकडून गावरान म्हणून घेतलेली डझनभर अंडी मी घरी धुवायला घेतली, तेव्हा त्यांचा तपकिरी रंग माझ्या बोटांना लागला आणि खालून पांढरे कवच निघाले. आजाऱ्यासाठी आणलेल्या वस्तूत झालेली ती फसवणूक मी विसरू शकलेले नाही. म्हणूनच या दुकानात गावरान अंडी मागितल्यावर मिळालेले उत्तर मला मोलाचे वाटले: ‘वहिनी, कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतोय. पेशंटसाठी पाहिजे असतील तर पांढरी न्या, ताजी आहेत.’ महाग माल खपवण्याची संधी त्यांनी सोडली आणि ते बोलले तेही खरे होते. बलकाचा गडदपणाही मुख्यतः कोंबडीच्या खाद्यावर ठरतो. गावरान अंड्याची चव आम्हालाही आवडते, पण ते आकाराने लहान असल्याने त्यात प्रथिनेही थोडी कमीच मिळतात.

सुमारे ५० ग्रॅमच्या अंड्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि शरीराला बाहेरून घ्यावी लागणारी सर्व अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, त्यांत असतात. सासरे मात्र कोलेस्टेरॉलच्या धास्तीने कित्येक वर्षे बलक काढून टाकत होते. वास्तविक या प्रथिनांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा बलकात असतो. ड जीवनसत्त्व, मेंदूला लागणारे कोलीन हे पोषकद्रव्य आणि डोळ्यांना उपयुक्त असे ल्युटीन हे सारे बलकातच असते आणि ब१२ चा बहुतांश भागही तिथेच असतो. बलकात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते हे खरे, पण बहुतेकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलवर त्यापेक्षा तूप-लोण्यासारख्या संपृक्त चरबीचा परिणाम अधिक होतो. अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा २०१५ नंतर वगळण्यात आली. तरीही मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. आमच्या डॉक्टरांनी सासऱ्यांना रोज दोन अंडी आणि त्यांतला एकच बलक असे सांगितले. दुसरा बलक नातवाच्या ताटात जातो. अंड्यात क जीवनसत्त्व आणि तंतू अजिबात नसतात, म्हणून सोबत लिंबू पिळलेली कोशिंबीर ठेवते.

दुधात कच्चे अंडे फोडून पिण्याची सासऱ्यांची जुनी सवय मात्र मी बंद केली. कच्च्या पांढऱ्या भागातील अव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या ब गटातील जीवनसत्त्वाला बांधून ठेवते आणि ते शरीराला मिळू देत नाही, शिवाय जुलाब-ताप आणणाऱ्या साल्मोनेला जंतूंचा धोका वृद्धांना अधिक असतो. आता अंडी पक्की उकडते. फार वेळ उकळली तर बलकाभोवती हिरवट कडे येते. ते अपायकारक नसते, पण सासरे तेवढ्यावरून ताट सरकवतात. आज ते काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात. त्यात व्यायामाचा वाटा मोठा आहे, परंतु व्यायामाला लागणारे बळ या खाण्याने दिले, असे मी मनापासून मानते.

दुकानात उणिवाही आहेत. पावती मिळत नाही आणि अंडी कोणत्या दिवशीची आहेत हे विचारल्याशिवाय कळत नाही. सर्वांत गंभीर बाब म्हणजे एप्रिल-मेच्या दुपारी ट्रे दारापुढच्या उन्हात रचलेले असतात. इतक्या काळजीने पारखलेला माल उन्हात ठेवणे योग्य नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितले आहे. तोवर उन्हाळ्यात मी सकाळी नऊच्या आतच तिथे जाते.